ग्वादियानाच्या खोऱ्यातील हिवाळी मुक्काम: ऊन कोठे आणि केव्हा येते ते आधी पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण उभयता नेदरलँड्समध्ये राहता, नुकतेच निवृत्त झाला आहात, ३,५०० किलोंच्या आतले एक जुने परंतु सुस्थितीतले मोटरहोम घेतले आहे आणि जानेवारीत चार-पाच आठवडे दक्षिणेकडे काढावयाचे आहेत. समुद्रकाठची गर्दी नको, एखादे शांत नदीखोरे हवे. थंडी, वीज आणि रात्रीच्या मुक्कामाचे नियम यांची धास्ती वाटते, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे रोज गाडी हलवणे व चढउतार करणे नकोसे वाटते. गेली चौदा वर्षे आम्ही दोघे जर्मनीहून दर हिवाळ्यात मोटरहोमने बाहेर पडतो आणि त्यांतील सात हिवाळे आम्ही एकाच खोऱ्यात काढले आहेत. म्हणून पर्यायांची यादी देण्याऐवजी मी त्याच खोऱ्याविषयी लिहितो: पोर्तुगाल आणि स्पेन यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या ग्वादियाना नदीचा शेवटचा टप्पा, म्हणजे मेर्तोला या गावापासून समुद्रापर्यंतचे सुमारे ७० किलोमीटर. माझा सल्ला असा की चार आठवड्यांत एवढेच पाहावे. याहून अधिक अंतर जोडल्यास हिवाळ्यातील लहान दिवस गाडी चालवण्यातच संपतात.

नदीचे नाव दोन भाषांच्या सांध्यातून झालेले आहे. रोमन लोक तिला 'आनास' म्हणत, अरबांनी त्यापुढे नदी या अर्थाचा 'वादी' जोडला आणि पुढे त्याचे ग्वादियाना झाले. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते; मेर्तोलाजवळ दोन्ही काठ पोर्तुगालचेच आहेत, पुढे खाली उजव्या म्हणजे पश्चिम काठावर पोर्तुगाल आणि डाव्या काठावर स्पेन, आणि शेवटी व्हिला रेआल दे सांतो आंतोनियो व आयामोंते या दोन गावांच्या मधून ती काडिझच्या आखाताला मिळते. या टप्प्यात ती खऱ्या अर्थाने खाडी आहे. भरतीचे पाणी थेट मेर्तोलापर्यंत चढते, त्यामुळे दिवसातून दोनदा नदी उलटी वाहताना दिसते. दाभोळ किंवा जयगडच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे दृश्य लगेच ओळखीचे वाटते. फरक एवढाच की येथे माडांऐवजी ऑलिव्ह आणि बदामाची झाडे आहेत, आणि होड्यांऐवजी शिडाच्या नौका नांगर टाकून महिनोन्महिने उभ्या असतात. उन्हाळ्यात येथे ४० अंशांच्या वर पारा जातो आणि खोरे भट्टीसारखे तापते. जानेवारीत मात्र निरभ्र दिवशी दुपारी १५ ते १७ अंश तापमान असते, वारा डोंगरांनी अडवलेला असतो, आणि खुर्ची बाहेर टाकून पुस्तक वाचता येते. रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, क्वचित त्याखालीही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण बहुतेक नवख्यांचा हिवाळी प्रवास येथेच बिघडतो. जागा निवडताना माणसे पाण्याचा देखावा पाहतात; हिवाळ्यात मात्र प्रथम उन्हाची वेळ पाहावी. या खोऱ्यात जानेवारीच्या सुरुवातीस सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. हे पंचांगातील आकडे झाले; आपल्या गाडीच्या खिडकीवर ऊन केव्हा पडते हे डोंगर ठरवतात. पोर्तुगालच्या काठावरील आल्कोतीमला पाठीशी पश्चिमेची टेकडी आहे, त्यामुळे तेथे सकाळचे ऊन मिळते आणि दुपार कलताच सावली येते. समोरच्या स्पॅनिश काठावरील सान्लुकारला नेमके उलटे: सकाळ उशिरापर्यंत गार आणि संध्याकाळी शेवटच्या किरणापर्यंत ऊन. ज्यांना सकाळी सांधे मोकळे व्हायला ऊब लागते त्यांनी पश्चिम काठ धरावा, आणि ज्यांना चार वाजता चहा घेऊन बाहेर बसायचे असते त्यांनी पूर्व काठ. आपल्या गुडघ्यांचा विचार करता मी पश्चिम काठ सुचवेन.

यात धुक्याची भर पडते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री डोंगरउतारांवरील थंड हवा जड होऊन खाली घसरते आणि पाण्यालगत साचते. नदीची वाफ तिच्यात मिसळून पहाटे दाट धुके तयार होते. अगदी काठावर लावलेली गाडी दहा-साडेदहापर्यंत या धुक्यात राहते, आणि तीस-चाळीस मीटर उंचीवरील सपाटीवर लावलेली गाडी कधी कधी आठ-साडेआठलाच उन्हात न्हाऊन निघालेली असते. पहिल्या वर्षी आम्ही हट्टाने पाण्याला लागून जागा घेतली आणि पाच दिवस ओलसर अंथरुणात काढले. सहाव्या दिवशी गावाच्या वरच्या अंगाला गेलो, तेव्हा त्याच सकाळी खाली कापसासारखे धुके आणि वर लख्ख ऊन असे चित्र होते. तेव्हापासून आम्ही नव्या जागी पोहोचलो की गाडी लावण्याआधी होकायंत्र पाहतो, दक्षिणेकडे मोठी टेकडी किंवा उंच झाडे नाहीत ना याची खात्री करतो, आणि गाडीची मोठी खिडक्यांची बाजू दक्षिणेकडे येईल अशी ती उभी करतो. पुढची मोठी काच पूर्वेकडे ठेवली तर सकाळी आतला पडदा उघडताच तासाभरात आतले तापमान चार-पाच अंशांनी वाढते आणि तेवढा गॅस वाचतो.

विजेचा हिशेबही सूर्याच्या उंचीवरच अवलंबून आहे. डिसेंबरच्या अखेरीस येथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंशांवर असतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांच्या वर असतो. छतावर आडवे बसवलेले सौर पटल म्हणूनच तिरक्या उन्हात आपल्या क्षमतेच्या निम्म्यापर्यंतच काम करते, आणि तेही थोडेच तास. आमच्या नोंदवहीप्रमाणे २०० वॅटच्या पटलांतून जानेवारीतील चांगल्या दिवशी ३० ते ३५ अँपिअर-तास मिळतात आणि ढगाळ दिवशी दहासुद्धा मिळत नाहीत. दिवे, पाण्याचा पंप, फोन आणि हीटरचा पंखा एवढ्यावर दोघांचा खर्च साधारण तेवढाच होतो. लॅपटॉपवर रोज चित्रपट पाहिल्यास तो वाढतो. बॅटरी जुन्या शिशाच्या जातीची असेल तर ती निम्म्याखाली कधीही उतरू देऊ नये, कारण तसे वारंवार झाले की तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. लिथियमची बॅटरी खोलवर वापरता येते, परंतु शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. खोऱ्यात तशी वेळ सहसा येत नाही, स्पेनच्या पठारावरून येताना मात्र येऊ शकते. ढगाळ हवा लागोपाठ तीन दिवस राहिली तर विजेची जोडणी असलेल्या तळावर दोन रात्री काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जनरेटर या खोऱ्यात लावू नये असे मी आग्रहाने सांगेन. येथे पाण्यावरून आवाज पलीकडच्या देशात ऐकू जातो.

उष्णतेसाठी आणि स्वयंपाकासाठी गॅसच लागतो, आणि त्यात एक अडचण आपण निघण्यापूर्वीच सोडवावी. नेदरलँड्स किंवा जर्मनीतील सिलिंडर स्पेन-पोर्तुगालमध्ये बदलून मिळत नाही, जोडण्याही वेगळ्या असतात. पेट्रोल पंपावर बाहेरून भरता येणारे सिलिंडर अधिकृत कारागिराकडून बसवून घेतल्यास ही चिंता मिटते. सिलिंडरमध्ये प्रोपेन असावा. ब्युटेन शून्य अंशाजवळ वायुरूप होणेच थांबवतो आणि पहाटे हीटर बंद पडतो. आमचा ११ किलोंचा सिलिंडर खोऱ्यात आठ-नऊ दिवस पुरतो. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर गाडी समपातळीत उभी असणे आवश्यक आहे, त्यासाठी चाकांखाली घालायचे उतरते ठोकळे सोबत ठेवावेत. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू स्थितीत आहे की नाही हे निघण्यापूर्वी तपासावे आणि जमिनीलगतची व छताची हवा येण्याची छिद्रे थंडी वाजते म्हणून कधीही बंद करू नयेत.

ओलावा हा थंडीपेक्षा मोठा शत्रू आहे. दोन माणसे रात्रभर श्वास घेतात, त्यावर सकाळी चहाची वाफ आणि दुपारी भात, यांचे पाणी काचांवर आणि गादीखाली जमते. मराठी स्वयंपाकात यावर एक सोय आयतीच आहे, ती म्हणजे कुकर. उघड्या पातेल्यात डाळ शिजवण्यापेक्षा कुकरमध्ये गॅस आणि वाफ दोन्ही कमी लागतात. शिट्टी होऊ न देता आच मंद ठेवावी आणि छताची खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी. फोडणीचा वास मात्र कापडी आसनांत आठवडाभर राहतो, म्हणून आम्ही फोडणी बाहेरच्या छोट्या शेगडीवर, परवानगी असलेल्या तळावरच करतो. गादीखाली जाळीदार चटई घालावी, आणि रोज दुपारी ऊन असताना अर्धा तास सर्व दारे-खिडक्या उघडून गाडी मोकळी करावी.

मुक्कामाचे नियम आता स्पष्ट आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पोर्तुगालने २०२१ च्या आरंभी रस्त्यावर व मोकळ्या जागी मोटरहोममध्ये रात्र काढण्यावर जवळजवळ सरसकट बंदी घातली; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सैल करण्यात आली. आता सर्वसाधारण ठिकाणी एका नगरपालिका क्षेत्रात सलग ४८ तासांपर्यंत रात्रीचा मुक्काम करता येतो, परंतु संरक्षित क्षेत्रांत, युरोपीय निसर्गसंरक्षणाच्या 'नातुरा २०००' जाळ्यातील भूभागांत आणि किनारा आराखड्यांच्या पट्ट्यांत केवळ अधिकृत जागीच. अधिकृत जागेवर ही ४८ तासांची मर्यादा लागू नाही. मेर्तोलाच्या भोवतीचा प्रदेश १९९५ पासून निसर्ग उद्यान आहे आणि मुखाजवळच्या दलदली १९७५ पासून राखीव आहेत, म्हणून या संपूर्ण खोऱ्यात फक्त अधिकृत तळांवरच राहावे असा साधा नियम मी स्वतःपुरता केला आहे. स्पॅनिश काठावर वेगळी विभागणी आहे: चाके सोडून काहीही जमिनीला टेकलेले नसेल, छत्री किंवा खुर्च्या बाहेर नसतील आणि पाणी सांडत नसेल तर ती गाडी उभी केलेली मानली जाते, छत्री उघडली की तो तळ ठोकणे होते आणि त्याला परवानगी लागते. गावांनी बांधलेल्या तळांवर पिण्याचे पाणी भरण्याची, सांडपाणी सोडण्याची आणि शौचालयाची कॅसेट, म्हणजे काढता येणारी मैलाटाकी, रिकामी करण्याची सोय असते. ही कॅसेट झुडपात किंवा नदीत रिकामी करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि एखाद्या गावाने मोटरहोमवाल्यांना दार बंद केले तर त्याचे कारण बहुधा असेच असते. या नदीत माणसे मासे धरतात आणि तेच घरी शिजवतात, हे आपण विसरू नये.

नेदरलँड्सपासून मेर्तोलापर्यंत साधारण २,३०० ते २,४०० किलोमीटर होतात. ते पाच दिवसांत, दिवसाउजेडी करावेत. फ्रान्समधून बोर्दो, मग इरून, बुर्गोस, सालामांका आणि बादाहोस या वाटेने खाली यावे. धोका खोऱ्यात नसून बुर्गोसच्या आसपासच्या पठारावर आहे. तेथे आपण ८०० मीटरहून अधिक उंचीवर असता, जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, पहाटे रस्त्यावर बर्फाचा पातळ थर असतो. हिवाळी टायर आणि साखळ्या हव्यातच. या टप्प्यावर बहुतेक नव्या मालकांची एकदा घाबरगुंडी उडते: रात्रीत गाडीखालून पाणी वाहून जाते आणि सकाळी टाकी रिकामी असते. ती गळती नसते. बॉयलरजवळचे तापमान तीन अंशांच्या आसपास आले की सुरक्षा झडप आपोआप उघडते आणि पाणी सोडून देते, म्हणजे ते गोठून बॉयलर फुटू नये. पठार ओलांडेपर्यंत मुख्य टाकी रिकामी ठेवून पिण्यासाठी कॅनमधले पाणी वापरणे सोपे पडते. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ए-२२ महामार्गावरील इलेक्ट्रॉनिक टोलचा पूर्वी परदेशी गाड्यांना फार त्रास होत असे. १ जानेवारी २०२५ पासून तो टोल रद्द झाला आहे.

खोऱ्यात आल्यावर मी आधी थेट मुखापर्यंत खाली जाईन आणि मग हळूहळू वर चढेन, कारण जानेवारीच्या सुरुवातीला मुखाजवळ दोन-तीन अंश अधिक ऊब असते आणि महिन्याअखेरीस वरच्या भागात दिवस मोठा होऊ लागतो. व्हिला रेआल दे सांतो आंतोनियो हे गाव पोर्तुगालचे तेव्हाचे मंत्री मार्किस द पोंबाल यांनी १७७४ मध्ये काटकोनी आराखड्यावर नव्याने उभारले, लिस्बनचा मध्यभाग १७५५ च्या भूकंपानंतर त्यांनी बांधला त्याच पद्धतीने. रस्ते सपाट आणि सरळ असल्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. किराणा, औषधे, डिझेल यांचा साठा येथेच करून घ्यावा. शेजारचे कास्त्रो मारीम मला अधिक प्रिय आहे. टेंपलर हा ख्रिस्ती योद्ध्यांचा संघ बरखास्त झाल्यावर पोर्तुगालमध्ये १३१९ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्त संघाचे पहिले मुख्यालय येथील किल्ल्यात होते. किल्ल्याच्या तटावरून खाली मिठागरे दिसतात, आणि हिवाळ्यात तेथे रोहित, शेकाटे आणि पांढरे करकोचे असतात. मिठागरांच्या बांधांवरची वाट पूर्ण सपाट आहे. सकाळी नऊनंतर पाठीवर ऊन घेऊन तासभर चालावे आणि दुर्बीण सोबत असावी.

आल्कोतीमकडे जाताना मोठा रस्ता सोडून ओदेलाइत या उपनदीच्या मुखापासून नदीकाठचा छोटा रस्ता धरावा. सहा मीटरच्या गाडीला तो पुरतो, सात मीटरहून लांब गाडीला वस्त्यांमधून सावकाश जावे लागते, आणि समोरून ट्रॅक्टर आल्यास मागे घेण्याची तयारी ठेवावी. वाटेत ग्वेरेइरोस दो रियो येथे नदीवरील मासेमारी आणि वाहतुकीचे एक लहान संग्रहालय आहे, आणि मोंतिन्यो दास लारांजेइरास येथे रस्त्याला लागूनच रोमन वस्तीचे अवशेष. याच रस्त्यावर तिसऱ्या वर्षी मी गवतावर गाडी लावली आणि रात्रीच्या पावसानंतर तेथेच रुतलो. आपली गाडीही बहुधा पुढच्या चाकांवर ओढली जाणारी असेल. अशा गाडीचे वजन मागे असते आणि ओल्या चिकणमातीत पुढची चाके नुसती फिरतात. तेव्हा एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढले आणि पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी आम्ही शंकरपाळे नेऊन दिले. तेव्हापासून कच्च्या जमिनीवर जावेच लागले तर मी गाडी उलटी आत घेतो, म्हणजे ओढणारी चाके घट्ट रस्त्याच्या बाजूला राहतात.

आल्कोतीम हा या प्रवासाचा मध्य आहे आणि येथे किमान दहा दिवस द्यावेत. समोरासमोर दोन गावे, दोन किल्ले, मध्ये नदी. १३७१ मध्ये पोर्तुगालचा राजा फेर्नांदो आणि कास्तीलचा राजा एन्रिके यांच्यातील तह येथेच झाला. मोटरहोम अलीकडच्या काठावरच ठेवून छोट्या नावेने काही मिनिटांत स्पेनमध्ये जावे. रस्त्याने गाडी घेऊन जायचे तर आयामोंतेजवळच्या १९९१ च्या पुलावरून वळसा घालावा लागतो आणि तो सत्तर-ऐंशी किलोमीटरांचा होतो. पलीकडे घड्याळ एक तास पुढे असते, हे नावाड्याची परतीची वेळ विचारताना लक्षात ठेवावे. सान्लुकारच्या टेकडीवरून आल्कोतीमच्या काठापर्यंत नदी ओलांडणारी ७२० मीटरांची तारेवरची घसरण आहे, आणि तरुण मंडळी ती करून एका मिनिटात एक तास मागे येतात. मला मात्र आल्कोतीममधील तस्कराचा पुतळा अधिक काही सांगून जातो. विसाव्या शतकात दोन्ही देशांत हुकूमशाही आणि टंचाई असताना कॉफी, अंडी, कापड अशा साध्या वस्तू रात्री नदी पार करत, आणि पकडणारे व पकडले जाणारे बहुधा एकाच पंचक्रोशीतले असत. काठावरच्या उपाहारगृहात कॉफी घेत बसलेल्या वयस्कर माणसांना त्या दिवसांच्या गोष्टी आपल्या घरातून ठाऊक असतात, आणि थोडे थांबले, दोनदा दिसले, नाव सांगितले, की ती माणसे बोलू लागतात.

बोलण्यासाठी आपल्याकडे शब्दही थोडे आयतेच आहेत. पाव, बटाटा, अननस, साबण, चावी, बालदी, नाताळ हे सारे आपल्या भाषेत पोर्तुगीजमधूनच आले, आणि दुकानात 'पांव' किंवा 'बताता' म्हटले की पलीकडची व्यक्ती हसून समजून घेते. लहान वस्त्यांमध्ये अजूनही पाववाल्याची गाडी भोंगा वाजवत येते. गोव्यात पोदेराच्या सायकलचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्यांचा हात आपोआप सुट्ट्या पैशांकडे जाईल. जानेवारीत संत्री स्वस्त आणि अतिशय गोड असतात.

शेवटचा आठवडा मेर्तोलाला ठेवावा. गाव नदीच्या वर कड्यावर, तटबंदीच्या आत आहे. गल्ल्या अरुंद आणि दगडी फरसबंदीच्या, ओल्या झाल्या की घसरतात. मोटरहोम तटाच्या आत कदापि नेऊ नये, ती खालच्या तळावर ठेवावी, आणि आपण काठी घेऊन, एका दिवसात एकच चढ, असे नियोजन करावे. येथील मुख्य चर्च मूळची बाराव्या शतकातील मशीद आहे. १२३८ मध्ये गाव ख्रिस्ती सैन्याकडे गेल्यावर तिचे चर्च झाले, तरी वेदीमागे मिहराबाचा कोनाडा आणि बाजूला नालाकृती कमानींची दारे आजही आहेत. १९७८ पासून येथे पुरातत्त्वज्ञ सतत उत्खनन करीत आहेत आणि त्यांनी गावभर जागोजागी विभागलेले एक संग्रहालय उभे केले आहे. विणकाम शाळेत हातमागावर लोकरीची जाड पांघरुणे विणली जातात. त्यांचा भरडेपणा, मेंढीचा वास आणि पट्ट्यांची नक्षी पाहून मला पट्टणकोडोलीच्या घोंगड्यांची आठवण झाली. एक पांघरूण आम्ही घेतले, ते सात वर्षे गाडीत आहे आणि पठारावरच्या रात्री तेच उपयोगी पडते.

शाकाहारींसाठी हा भाग वाटतो त्याहून सोपा आहे, कारण मेर्तोला ज्यात येते त्या आलेंतेजू प्रांतात ताजी कोथिंबीर रोजच्या स्वयंपाकात असते, जे युरोपात अन्यत्र फारसे आढळत नाही. 'असोर्दा' नावाच्या पदार्थात लसूण, मीठ आणि कोथिंबीर खलबत्त्यात वाटतात, त्यावर ऑलिव्हचे तेल, उकळते पाणी आणि शिळ्या पावाचे तुकडे घालतात. अंडे नको असल्यास तसे सांगावे, आणि पाण्याऐवजी माशाचा रस घालतात का तेही विचारून घ्यावे. मेंढीच्या दुधाचे चीज आणि ऑलिव्ह सोबत असले की दुपारचे जेवण झाले.

मेर्तोलाहून उत्तरेला सतरा-अठरा किलोमीटरवर पुलो दो लोबो, म्हणजे लांडग्याची उडी, येथे नदी खडकाच्या अरुंद घळीतून कोसळते. शेवटचा रस्ता कच्चा आहे, पाऊस झाला असल्यास मोटरहोमने जाऊ नये. पूर्वेला सांव दोमिंगोसची तांबे-गंधकाची खाण १९६६ मध्ये बंद पडली. तेथील लालभडक पाणी आम्लयुक्त आहे, त्याला हात लावू नये. खनिज जेथून जहाजात चढवत ते पोमारांव बंदर आता अवघ्या काही घरांचे, उन्हात पहुडलेले गाव आहे. पश्चिमेला कास्त्रो व्हेर्देच्या गवताळ माळावर आपल्या माळढोकाचा युरोपीय भाऊबंद थव्याने दिसतो. आपल्याकडे तो पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला असताना येथे एका सकाळी बावीस मोजले, तेव्हा आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. आयबेरियन लिंक्स या रानमांजराला २०१४ च्या अखेरीपासून याच खोऱ्यात पुन्हा सोडण्यात आले आणि आता ते येथे नांदते आहे; ते दिसेल अशी आशा मात्र ठेवू नये, पण पहाटे आणि संध्याकाळी गाडी पन्नासच्या खाली चालवावी, कारण रस्त्यावरील धडक हे त्याच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे.

पावसाचे दिवस येतीलच, कारण नोव्हेंबर ते जानेवारी हाच येथील पावसाळा आहे. सलग पाऊस झाला तर नदी तपकिरी होते आणि झाडांचे ओंडके वाहून येतात. डिसेंबर १८७६ चा महापूर या काठांनी अजून लक्षात ठेवला आहे. वर आल्केव्हाचे मोठे धरण २००२ पासून भरू लागले आणि पाण्यावर बरेच नियंत्रण आले, तरी धरणातून विसर्ग होणार असल्याची सूचना निघाली किंवा उधाणाची भरती आणि पाऊस एकत्र आले, तर खालच्या धक्क्यावरील गाडी अंधार पडण्यापूर्वी वर न्यावी. गावातील माणसे आपल्या होड्या वर ओढू लागली की आपणही हलावे. त्यांचा अंदाज आम्हाला आजवर चुकलेला आढळला नाही.

आपले वेळापत्रक थोडे लवचीक असेल तर ५ जानेवारीऐवजी १५ जानेवारीच्या सुमारास निघावे. तोपर्यंत दिवस वाढू लागतो, आणि महिन्याच्या शेवटी व फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आल्कोतीमच्या मागच्या टेकड्यांवर बदाम फुलतात, पांढरे आणि फिकट गुलाबी, पानांच्या आधी. निघण्यापूर्वी मात्र गाडी पूर्ण भरून एकदा वजनकाट्यावर न्यावी. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यावर पीठ, तांदूळ, डाळी, कुकर, दोन माणसे आणि इंधन, आणि ३,५०० ची मर्यादा फार लवकर गाठली जाते. आमच्या पहिल्या वजनात १४० किलो जास्त भरले होते, आणि त्यांतील बरेचसे सामान आम्ही चार आठवड्यांत एकदाही उघडले नसते.